ज्या शहराला ‘काँक्रीटचं जंगल’ म्हणून नाकं मुरडली गेली, ते जागतिक वारसा कसं बनलं?

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, सीन नदी समुद्राला मिळते तिथे ल हाव्र हे मोठं बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या ताब्यात होतं आणि दोस्त राष्ट्रांना ते हवं होतं. ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश विमानांनी शहराचा मध्यभाग अक्षरशः सपाट केला. सुमारे २,००० नागरिक मेले. म्हणजे सोडवायला आलेल्यांच्याच बॉम्बखाली शहर गेलं. जुनं कलासंग्रहालयही त्यात नष्ट झालं.

शहर पुन्हा उभारायची जबाबदारी मिळाली सत्तरी ओलांडलेल्या ऑग्युस्त पेरे यांना. चंदीगडची आखणी करणारे ल कॉर्बुझिए तरुणपणी यांच्याच हाताखाली काम करत होते. बेघर झालेल्या हजारो लोकांना घरं लवकर हवी होती. पेरे यांनी एक साधा हिशोब धरला: दोन खांबांमधलं अंतर ६.२४ मीटर. माप ठरलेलं असल्यामुळे काँक्रीटचे भाग आधीच ओतून ठेवता आले. वर प्लास्टर नाही. वेगवेगळ्या रंगांची खडी वापरल्यामुळे जवळून पाहिलं तर काँक्रीटच कुठे गुलाबी, कुठे पिवळसर दिसतं.

पण लोकांना आपलं जुनं गाव परत हवं होतं. या करड्या, सरळ रेषांच्या शहराला पुढे कित्येक वर्षं नावं ठेवली गेली. २००५ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतलं.

तिथे गेलात तर सेंट जोसेफ चर्च चुकवू नका. बाहेरून ते रुक्ष वाटतं. आत मात्र १०७ मीटर उंच मनोऱ्यातल्या १२,७६८ रंगीत काचांमधून ऊन झिरपतं.

संग्रहालय १९६१ मध्ये समुद्रासमोर नव्याने उभं राहिलं, तेही काच आणि पोलादाचं. आता त्याचं नाव ‘म्युमा’. समुद्राचा प्रकाश थेट आत येतो, आणि भिंतीवरच्या अनेक चित्रांत तोच समुद्र असतो. २००४ मध्ये एका कुटुंबाने दोनशेहून अधिक कलाकृती दिल्या, आणि इम्प्रेशनिस्ट चित्रांसाठी हे फ्रान्समधलं महत्त्वाचं ठिकाण बनलं.

एक गोष्ट मात्र इथे सापडणार नाही. ज्या चित्रावरून ‘इम्प्रेशनिझम’ हे नाव पडलं, ते ‘इम्प्रेशन, सनराइज’ क्लोद मोने यांनी याच बंदरावरची पहाट पाहून रंगवलं. ते असतं पॅरिसमध्ये. २०१७ मध्ये, शहराला ५०० वर्षं झाली तेव्हा, ते काही आठवड्यांसाठी ल हाव्रला आणलं होतं.