हिरवळ, कुत्रा आणि शेजार

सरकारी वसाहतींत राहणाऱ्या माणसांची भांडणे कशावरून होतात याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्यात पहिले प्रकरण पाण्याच्या नळाला द्यावे लागेल, दुसरे मुलांच्या चेंडूला, आणि तिसरे निःसंशय कुत्र्याला. पहिल्या दोन विषयांत आपल्या लोकांजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. वाड्यातल्या नळावर भांडून आलेला मनुष्य बदलीवर दिल्लीस गेला काय आणि लखनौस गेला काय, ते शास्त्र त्याला पाठच असते. तिसऱ्या विषयाची गोष्ट तशी नाही. आपला कुत्रा शेजाऱ्याच्या हिरवळीवर गेला तर काय करावे, शेजाऱ्याचा कुत्रा आपल्या हिरवळीवर आला तर कोणाशी व कोणत्या शब्दांत बोलावे, याविषयी आमचा परंपरागत शेजारधर्म अगदी मुका आहे. याचे कारण आपल्या स्वभावात नसून इतिहासात आहे. वाड्याला अंगण होते, परस होते, तुळशीवृंदावन होते, हिरवळ नव्हती. आणि कुत्रा असलाच तर तो बहुधा आळीचा असे, घराचा नसे.

हिरवळ म्हणजे रानातले हिरवे गवत नव्हे, तर दर आठवड्याला कापून सतरंजीसारखे केलेले गवत, असा अर्थ घेतला तर सामान्य गृहस्थाच्या घरापुढे ती येऊन दोनशे वर्षेही झालेली नाहीत. इंग्लंडातील जमीनदारांच्या वाड्यांपुढे ती त्याआधीही होती. परंतु तेथे गवत कापावयाचे ते विळ्याकोयत्याने, किंवा त्यावर मेंढ्या सोडून. दोन्ही गोष्टींना माणसे लागत, आणि म्हणून हिरवळ ही श्रीमंतीची खूण होती. १८३० साली ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरचे वर आलेले तंतू एका फिरत्या पात्याने सारखे कापीत, आणि ती युक्ती बडिंगने जमिनीवर उतरविली. कापडाच्या गिरणीतून हिरवळ निघाली असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. यंत्र आले आणि मध्यम स्थितीतील मनुष्यही घरापुढे हिरवळ बाळगू लागला.

तथापि ज्याला आज आपण कुत्रेवाल्यांचा शिष्टाचार म्हणतो, त्याचा जन्म इंग्लंडात झाला नाही, अमेरिकेत झाला, असे आमचे मत आहे. आणि त्याचे कारण कुंपण. इंग्रज आपल्या बागेभोवती कुंपण घालतो. कुंपणाच्या आत कुत्रा शिरत नाही, आणि शिरलाच तर चूक कोणाची हे सांगावे लागत नाही. अमेरिकेत १८७० साली फ्रँक स्कॉट नावाच्या गृहस्थाने उपनगरी घरांच्या शोभेवर एक ग्रंथ लिहिला. आपली बाग कुंपण घालून शेजाऱ्याच्या दृष्टीआड करणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, अशा अर्थाचा उपदेश त्यात आहे. त्याच सुमारास शिकागोजवळ रिव्हरसाइड नावाचे उपनगर ओल्मस्टेड याने आखले, आणि तेथेही घरापुढची जमीन मोकळी ठेवून सारा रस्ता एका उद्यानासारखा दिसावा अशी योजना होती. पुढे १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन वसले. सतरा हजारांवर घरे, जवळजवळ एकाच साच्याची. आणि घर घेणाऱ्यांच्या करारात अटी अशा, की कुंपण घालावयाचे नाही आणि हंगामात आठवड्यातून एकदा हिरवळ कापावयाची. म्हणजे हिरवळ प्रत्येकाची, पण सीमा कोणाचीच दिसत नाही! जेथे भिंत बोलत नाही तेथे माणसाला बोलावे लागते. कुत्र्याची साखळी आखूड धरावी, पायवाट आणि गाडीरस्ता यांमधील पट्टीवरच त्याला थांबू द्यावे, घराकडच्या गवतावर नव्हे, दुसऱ्याच्या फुलांच्या वाफ्याशी तर नाहीच, आणि घरमालक खिडकीत उभा असो वा नसो, नियम तोच पाळावा, हे सर्व संकेत त्या न दिसणाऱ्या कुंपणाचे खांब आहेत.

या संकेतांत निव्वळ नाजूकपणा आहे असे मात्र कोणी समजू नये. कुत्र्याच्या मूत्रात युरिया व क्षार पुष्कळ असतात. एके ठिकाणी ते पडले की खताचा अतिरेक व्हावा तसे होऊन गवत जळते. मध्ये पिवळा ठिपका आणि भोवती गर्द हिरवे कडे, असे त्याचे रूप असते. कडेला गेलेल्या थोड्या अंशाचे खत होते, मधल्या भागाचे विष. ताबडतोब भरपूर पाणी ओतणे हा त्यावरचा साधा उपाय होय. कुत्र्याला अमुक चारा, तमुक चारा असे जे घरगुती तोडगे सांगतात त्यांवर विसंबून शेजाऱ्याशी वाद घालू नये. विष्ठेची गोष्ट याहून गंभीर. तिच्यातून पसरणाऱ्या जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेल्यास क्वचित डोळ्यांनाही अपाय करतात.

ही घाण उचलावयाची कोणी, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे. न्यूयॉर्क शहरात पूर्वी एवढीच अपेक्षा असे की मालकाने कुत्र्याला पायवाटेवरून उतरवून गटाराच्या कडेला न्यावे. पुढचे काम रस्ते झाडणाऱ्याचे. १९७८ च्या १ ऑगस्टपासून तेथे नवा कायदा अमलात आला. चार लाखांवर वस्तीच्या शहरांना लागू असलेल्या या राज्य कायद्याने कुत्र्याची विष्ठा उचलण्याची जबाबदारी मालकावर टाकली, आणि न उचलल्यास शंभर डॉलरपर्यंत दंड ठेवला. त्या वेळी शहरात याची पुष्कळ चेष्टा झाली. सभ्य मनुष्य भर रस्त्यात वाकून हे काम करील यावर कोणाचा विश्वास नव्हता. पण काही वर्षांत लोक वाकू लागले, आणि इतर शहरांनीही तो कित्ता गिरविला. ब्रिटनमध्ये याच आशयाचा कायदा १९९६ साली झाला. एखाद्या कायद्याने सुखवस्तू माणसाची पाठ वाकविल्याची उदाहरणे जगात फार नाहीत; हे त्यांपैकी एक.

आता आपल्याकडे वळू. इंग्रज अंमलदाराने या देशात बंगला बांधला तेव्हा त्याने भोवती आवार घेतले, मेंदीचे कुंपण लावले, फाटकावर चौकीदार बसविला आणि मध्ये हिरवळ केली. कुत्रा बरोबर आलाच होता. त्या घरांत नोकरांची जी लांबलचक यादी असे, तीत डोरिया नावाचा एक मनुष्य आढळतो. डोर म्हणजे दोरी. कुत्र्याची दोरी धरणारा तो डोरिया. साहेब कुत्रा पाळी, डोरिया त्याला फिरवी, आणि मागे राहिलेली घाण भंगी उचली. तिघांच्या जाती वेगळ्या, पगार वेगळे आणि अब्रूही वेगळी. शिष्टाचाराचा प्रश्न साहेबापर्यंत पोहोचण्याचे कारणच नव्हते. १९११ साली राजधानी दिल्लीस नेण्याचे जाहीर झाले आणि १९३१ साली नवी दिल्लीचे उद्‌घाटन झाले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, दर्जाप्रमाणे लहानमोठे बंगले आणि त्यांपुढच्या हिरवळी हे सारे १९४७ नंतर आपल्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला आले. डोरिया हा शब्द गेला. त्याचे काम पुष्कळ ठिकाणी चपराशाकडे आले. सरकारी पगारावर सरकारी कामासाठी नेमलेल्या मनुष्याच्या हातात खाजगी कुत्र्याची साखळी देणे योग्य आहे काय, हा प्रश्न आम्ही येथे नुसता नोंदवून ठेवतो. आपल्या वाचकांपैकी कित्येकांना त्याचे उत्तर ठाऊक आहे आणि कित्येकांना गैरसोयीचे आहे.

ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि सेनापती बापटांनी पारनेरचे रस्ते स्वतः साफ केले, तेथून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या फाटकापुढे वाकण्याचा संकोच वाटावा, याचे आम्हांस राहूनराहून नवल वाटते. आपल्याकडे कुत्र्याला मान नव्हता असेही नाही. खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तात्रेयाच्या पायांशी चार आहेत, धर्मराजाने तर कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकण्याचे नाकारले. आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही दाखवितात. पण पूजा वेगळी आणि साफसफाई वेगळी.

रस्त्याविषयीचे नियम मात्र आपल्या पूर्वजांनी बारकाईने केले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण, चिखलपाणी साचविणाऱ्यास पाव पण, आणि राजमार्गावर हेच केल्यास दुप्पट असे दंड आहेत. मेलेले मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप नगरात टाकल्यास तीन पण. पवित्र स्थळे, पाणवठे, देवालये व राजाच्या इमारती यांजवळ घाण करणाऱ्या माणसालाही दंड आहे. पण औषधामुळे, आजारामुळे किंवा भीतीमुळे तसे झाले असेल तर माफी! हा अपवाद लिहिणाऱ्याने माणसे पाहिली होती यात संशय नाही. याज्ञवल्क्यस्मृती आणखी पुढे जाते. दाढा असलेल्या किंवा शिंगे असलेल्या जनावराच्या तावडीतून सोडविण्याची शक्ती असून मालक सोडवीत नसेल तर त्याला दंड, आणि सापडलेल्या माणसाने आरडाओरडा केल्यावरही तो स्वस्थ राहिला तर दुप्पट दंड, असे ती सांगते. “काही करत नाही हो तो” असे फाटकाआडून सांगणाऱ्या मालकांनी हे स्थळ अवश्य पाहावे.

कुत्रा कोणाचा, घराचा की रस्त्याचा, हा प्रश्न पेटला की काय होते हे मुंबईने १८३२ साली पाहिले. बेवारशी कुत्री उन्हाळ्यात मारण्याची परवानगी आधीपासून होती. त्या वर्षी मुदत वाढविली गेली, आणि प्रत्येक कुत्र्यामागे इनाम असल्यामुळे कुत्री पकडणारे घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेतात अशी तक्रार उठली. ६ जून हा पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. मृताला कुत्र्याचे दर्शन घडविण्याचा सगदीदचा विधी त्यांच्यात असल्याने कुत्रा त्यांना विशेष प्रिय. कोटात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी हिंदू व इतर व्यापारीही सामील होऊन बाजार बंद राहिला, गोऱ्या फौजेची रसद अडली, सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली. आणि अखेर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तोड निघाली. कंपनी सरकारचा अंदाज चुकला तो कुत्र्याविषयी नव्हे, उंबऱ्याविषयी.

मालकाच्या जबाबदारीचा कायदा पुढे १८६० च्या दंडसंहितेत आला. तिच्या २८९ व्या कलमाप्रमाणे आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा मोठ्या दुखापतीचा धोका संभवत असता पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात आहे. १९०० साली कसौलीस पाश्चर संस्था निघाली तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून चावलेली माणसे आगगाडीने तेथे जात. त्या भीतीची आठवण या कलमामागे आजही उभी असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने प्रथम एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी त्यात बदल केला. त्यावरून दोन्ही पक्षांनी जे उठविले ते वाचकांच्या स्मरणात ताजे आहे. पण हिरवळीवरचा पिवळा ठिपका कोणत्याच कलमात बसत नाही. त्याचा निवाडा शेजाऱ्यांनीच करावयाचा.

आणि येथे अधिकाऱ्यांच्या वसाहतीत एक वेगळीच अडचण उभी राहते. कुत्रा वरच्या अधिकाऱ्याचा आणि हिरवळ खालच्याची, असे झाले म्हणजे ठिपका कोणाला दिसत नाही. उलट झाले म्हणजे तो फार लांबून दिसतो. २०२२ साली दिल्लीतील एका क्रीडांगणावर अधिकाऱ्याला कुत्रा फिरविता यावा म्हणून खेळाडूंना लवकर बाहेर काढले जाते असे वृत्त प्रसिद्ध झाले. संबंधितांनी आरोप नाकारला, पण बदली दूर लडाखला झाली. आमच्या माहितीत तरी ज्याच्या हिरवळीची हानी झाली तो बहुधा बोलत नाही. त्याची पत्नी दुसऱ्या वहिनींशी बोलते, त्या तिसरीशी बोलतात, आणि आठवड्याने ती गोष्ट कुत्रेवाल्या घरी पोहोचते तेव्हा ती कुत्र्याची राहिलेली नसते, प्रांताची झालेली असते. “साहेब, आज सकाळी जरा पाणी ओतून घ्याल का?” हे वाक्य पहिल्याच दिवशी उच्चारणे याहून पुष्कळ स्वस्त पडते. कुत्रा ज्याचा आहे त्याने ते वाक्य ऐकण्याआधीच बादली आणली तर प्रश्नच मिटला.

मराठी कुटुंबाला या प्रकरणात एक खास गरज असते, ती इतरांच्या ध्यानी येत नाही. साहेबाने ज्या गवताची हिरवळ केली ते हिंदीत दूब, आपल्याकडे हरळी, आणि भाद्रपदात दूर्वा. चतुर्थीच्या सकाळी एकवीस दूर्वांच्या जुडीसाठी वाटी घेऊन शेजाऱ्याच्या हिरवळीवर जाणारी आपली मुले दिल्लीतल्या कितीतरी बिगरमराठी घरांना ओळखीची झाली आहेत. अलीकडे पुष्कळ बंगल्यांनी हरळी काढून कोरियन गवत लावले आहे. ते मऊ असते, पण गणपतीला चालत नाही. मग मुले दूर्वा शोधीत जातात ती पायवाट आणि रस्ता यांमधल्या पट्टीवर. तेथे ती अजून आपोआप उगवते, आणि नेमक्या त्याच पट्टीवर, सर्व शिष्टाचार पाळून, कॉलनीतले कुत्रे थांबतात.