इशापूरची ‘२ए’ रायफल

काडतूस आखूड झाले की रायफलची बोल्टची चौकटही आखूड करावी लागते, असा माझा समज होता. कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याने तो खोटा ठरवला. १९६२च्या युद्धानंतर तिथे .३०३ ली-एनफिल्डच्याच घडणीवर ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाची ‘२ए’ तयार झाली. लष्कराच्या नव्या एसएलआरलाही हेच काडतूस लागे. काडतुसाची लांबी ७८वरून ७१ मिलिमीटरवर आली, तरी चौकट तेवढीच राहिली. मॅगझिन बदलले. जुन्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड होती, नव्याला नव्हती. म्हणून एक्स्ट्रॅक्टरही बदलला. नव्या काडतुसाचा दाब मात्र जास्त, त्यामुळे चौकटीला अधिक मजबूत पोलाद वापरले. बोल्टमागे शिपायाचा डोळा असतो; खर्च तिथेच व्हायला हवा होता.