तारण (ख्रिस्ती श्रद्धा)

माणूस स्वतःच्या पुण्याईने पापातून सुटत नाही. येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणामुळे व पुनरुत्थानामुळे देवाच्या दयेचे दान म्हणून त्याला सुटका मिळते, ही ख्रिस्ती धर्माची मूळ धारणा. विश्वास आणि सत्कर्मे यांच्या नात्यावरून कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यात सोळाव्या शतकात मोठा वाद झाला.

मराठी मुलखात या श्रद्धेचे सर्वांत उत्कट उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). दुष्काळात आईवडील गमावलेल्या या विदुषीने १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात प्रांजळपणे लिहिले. विद्वत्ता वा सत्कृत्य पुढे न करता क्षमा मागता येते, हे त्यांना पुढे काही वर्षांनी उमगले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा आणून पुण्याजवळच्या केडगावात वसवल्या, तेच मुक्तिसदन. हिब्रू-ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणले. त्याचे खिळे जुळवणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच केली.