उपाशी झाडाची कुळकथा

फलटणच्या नीरा उजव्या कालव्याखाली राज्य उसाचं. लिंबू-मोसंबी दिसते ती एखाद्या बागेत, बांधावर, नाहीतर परसात कढीपत्त्याशेजारी. त्यातलं झाड फांदीफांदीने पिवळं पडू लागलं की सल्ले ठरलेले असतात: झिंक कमी आहे, जमीन चुनखडीची आहे, पाणी जास्त झालं. पुष्कळदा ते खरेही असतात. पण हेच सल्ले देशभर अनेक दशकं दिले गेले आणि त्यांच्याआड ग्रीनिंग नावाचा रोग निवांत पसरत राहिला. त्याच्या शोधातला एक मोठा टप्पा फलटणपासून शंभरेक किलोमीटरवर, पुण्यात पार पडला.

बागा ऐन उमेदीत वाळत, त्याला आपल्याकडे सरसकट ‘ऱ्हास’ म्हणत. दक्षिण चीनमध्ये अशाच पिवळ्या शेंड्यांची नोंद 1919 सालची आहे. लिन कुंग-श्यांग यांनी 1956 मध्ये दाखवून दिलं की हा रोग कलमातून पसरतो. मातीवरचा आळ तिथेच उतरायला हवा होता.

मग तो कलमाशिवाय झाडाझाडांत जातो कसा? भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्रातले एस. पी. कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ यांनी 1967 मध्ये भारतापुरतं उत्तर दिलं: सायट्रस सिला या किडीमार्फत. कीड तीन-चार मिलिमीटरची, डोकं खाली आणि मागची बाजू वर उचलून बसणारी. अंडी घालते ती कोवळ्या पालवीवर. पंजाबात हुसेन आणि नाथ यांनी 1927 मध्येच तिच्यावर सविस्तर लिहिलं होतं, पण तेव्हा ती फक्त रस शोषणारी कीड होती.

रोगाचं मूळ मात्र अजून विषाणूच समजलं जाई. 1970 मध्ये लाफ्लेश आणि बोव्हे या फ्रेंच शास्त्रज्ञांना आजारी झाडांच्या अन्नवाहिन्यांत सूक्ष्म सजीव दिसले. कपूर आणि एम. जे. तिरुमलाचार यांनी 1973 मध्ये प्रतिजैविकांच्या उपचाराने रोगी झाडं सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. प्रतिजैविकांना विषाणू दाद देत नाही, म्हणून हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. जनुकांच्या तपासणीतून 1994 साली जिवाणूचं नेमकं कूळ ठरलं.

आता झाड काय करतं ते पाहा. पानात तयार झालेली साखर अन्नवाहिन्यांतून मुळांकडे जाते, आणि जिवाणू राहतो नेमका याच वाहिन्यांत. त्याची चाहूल लागताच झाड वाहिन्यांमधल्या चाळणीची छिद्रं कॅलोज आणि प्रथिनांनी बुजवू लागतं. साखर पानातच अडकते, तिचा स्टार्च साचतो, पान जाड होतं आणि त्यावर वेडेवाकडे पिवळे डाग उमटतात. वर पान भरलेलं आणि खाली मूळ उपाशी. फळं लहान, वाकडी राहतात, बिया खुरटतात. फ्लोरिडातल्या नियान वांग यांच्या गटाने 2022 मध्ये मांडलं की वाहिन्यांच्या पेशी मरतात त्या मुख्यतः झाडाच्याच अखंड चाललेल्या प्रतिकारामुळे. त्यात तयार होणारा विध्वंसक ऑक्सिजन झाडालाच जाळतो. झाड हरतं ते लढत नाही म्हणून नव्हे. त्याला थांबता येत नाही.

झाड कायमचं बरं करणारं औषध अजून नाही. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला; तेव्हाच्या हंगामात तिथे संत्र्याच्या 14 कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या, 2022-23 मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत.

आपल्या हातात ओळख आणि खबरदारी आहे. झिंकच्या कमतरतेचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगचे डाग दोन बाजूंना जुळत नाहीत. संशय आला तर खत वाढवण्याआधी पान प्रयोगशाळेत तपासून घ्या. कलम घेताना किमतीपेक्षा डोळा कुठल्या मातृवृक्षाचा आहे आणि रोपं कीडरोधक जाळीत वाढली आहेत का, हे आधी विचारा. आणि सिला कढीपत्त्यावर आणि कुंतीवरही वाढतो, तेव्हा नवी पालवी फुटेल त्या दिवसांत मोसंबीबरोबर परसातला कढीपत्ताही तपासत चला.