विमानाचा आकार कॉम्प्युटरनं ठरवला तेव्हा

आधी एक काम करा. मोबाइलवर एफ-११७ या अमेरिकन विमानाचा फोटो काढा. कागद दुमडून केल्यासारखं दिसतंय ना? गोलाई जवळजवळ नाहीच, सगळे सपाट तुकडे. मला वाटायचं, भीतीदायक दिसावं म्हणून असेल. खरं कारण वेगळंच निघालं: गोलाईचं गणित तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपत नव्हतं!

रडारची लाट विमानावर आपटून कुठे किती विखुरते, हे आधीच कळलं तर विमान लपवता येतं. कडांवरून लाटा कशा विखुरतात, याचं गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये पुस्तकात मांडलं. १९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलानं त्याचं भाषांतर करून घेतलं. लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी ते वापरून 'एको' नावाचा प्रोग्राम उभा केला, पण तो सपाट तुकड्यांपुरताच. मग विमानच सपाट तुकड्यांचं झालं! १९८१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं.

जास्त अचूक रीत नव्हती का? होती. रॉजर हॅरिंग्टन यांचं 'मोमेंट मेथड'वरचं पुस्तक १९६८ चं. पृष्ठभागाचे बारीक तुकडे करा, प्रत्येकाचा प्रत्येकावरचा परिणाम मांडा. पण तुकडे १ लाख, तर आकडे १००० कोटी. नुसते साठवायलाच १६० जीबी रॅम! तेव्हा कुठली आणायची?

वाट सापडली येल विद्यापीठात. लेस्ली ग्रीनगार्ड आणि व्लादिमीर रोखलिन यांनी १९८७ मध्ये विद्युतभारांसाठी 'फास्ट मल्टिपोल' पद्धत मांडली. १९९० मध्ये रोखलिन यांनी तीच कल्पना विखुरणाऱ्या लाटांना लावली. आपल्या पोस्टासारखंच आहे बघा. शेजाऱ्याला निरोप आपण स्वतः देतो, पण दूरच्या गावची पत्रं एका थैलीत जातात आणि तिकडे वाटली जातात. दूरच्या तुकड्यांचा हिशेबही तसाच, थैलीनं. पुढे थैल्यांच्या मोठ्या थैल्या करणारी बहुस्तरीय पद्धत आली. १० लाख तुकड्यांना १ लाख कोटी हिशेब लागायचे, ते काही कोटींच्या घरात आले.

मागे माझा एक कोड रखडला, तेव्हा मी सरळ मोठा सर्व्हर मागितला होता. आधी विचारायला हवं होतं: प्रत्येकानं प्रत्येकाच्या दारात जायलाच हवं का?

भेटू पुढच्या भागात!