मानाच्या नावाखाली

१९७२ साली न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात उच्च शिक्षणातील सामूहिक वाटाघाटींचे अभ्यासकेंद्र निघाले. त्याच्या वार्षिक परिषदेत प्राध्यापक-कर्मचारी संघटना आणि प्रशासन एकाच व्यासपीठावर येतात. पण वाटाघाटीला बसण्याचा हक्क मुळात कुणाला? १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगी येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की अभ्यासक्रम व प्रवेश ठरवणारे तिथले पूर्णवेळ प्राध्यापक ‘व्यवस्थापक’ आहेत; त्यांना कामगार कायद्याचे संरक्षण नाही. आपल्याकडे १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अध्यापनाला उदात्त कार्य म्हटले आणि शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. तिकडे अधिकाराचे कारण, इकडे थोरवीचे. मान मिळाला, कायद्याचे दार मात्र दोन्हीकडे बंद झाले.