एसएमबी-१ प्रोटोकॉलचे निष्क्रियीकरण

एसएमबी-१ : एकाच जालातील संगणकांना परस्परांच्या फाइली व मुद्रक वापरू देणारा एक जुना प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीची नियमावली. ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ या नावाच्या आद्याक्षरांवरून हे लघुरूप बनले. आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबाउम यांनी १९८३ मध्ये मूळ एसएमबी तयार केला. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यात भर घालून तो विंडोज प्रणालीत रूढ केला. त्या काळी जाल म्हणजे बहुधा एका कार्यालयातील मोजके संगणक असत. त्यामुळे संदेश गुप्त ठेवण्याची तरतूद मूळ रचनेत नव्हती.

विंडोज व्हिस्टा (२००६) व विंडोज सर्व्हर २००८ यांबरोबर दुसरी आवृत्ती आली. तीत शंभरावर आज्ञांच्या जागी केवळ १९ आज्ञा होत्या. २०१२ मधील तिसऱ्या आवृत्तीत सांकेतिक रूपात संदेश पाठविण्याची सोय झाली. तरीही पहिली आवृत्ती चालूच ठेवण्यात आली. कारण विंडोज एक्सपी व विंडोज सर्व्हर २००३ यांना, तसेच अनेक मुद्रकांना व स्कॅनरांना तेवढीच अवगत होती. संभाषणाच्या आरंभी दोन संगणक उभयतांना येणारी सर्वांत नवी आवृत्ती निवडतात. म्हणून जुनी आवृत्ती प्रत्यक्ष वापरात नसली, तरी तिचे दार उघडेच राही. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील नेड पाइल यांनी तिचा वापर थांबविण्याचे जाहीर आवाहन केले.

या आवाहनाची निकड लवकरच प्रत्ययास आली. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने एसएमबी-१ मधील गंभीर दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्या दोषाचा फायदा घेणारे ‘इटर्नलब्लू’ हे साधन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे मानले जाते. ते १४ एप्रिलला एका अज्ञात गटाने उघड केले. १२ मे रोजी त्याच वाटेने ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम सुमारे १५० देशांतील दोन लाखांवर संगणकांत शिरला. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी किमान ८० न्यासांना त्याची झळ पोहोचली व हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. २७ जूनच्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यातही हे साधन इतर उपायांबरोबर वापरले गेले. त्या हल्ल्यामुळे नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या धक्क्यावरील मालवाहतूक विस्कळीत झाली.

दुरुस्तीने एक दोष नाहीसा होतो. प्रोटोकॉल बंद केल्याने तो मार्गच उरत नाही. परंतु अजून कोणते यंत्र त्यावर विसंबून आहे, हे शोधणे या कामातील खरे अवघड अंग होय. त्यासाठी एसएमबी-१ ने होणाऱ्या संपर्कांच्या नोंदी काही काळ घेतात, जुनी यंत्रे सुधारतात अथवा बदलतात आणि मगच तो बंद करतात. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये सेवा देणारा व सेवा घेणारा हे त्याचे दोन भाग निरनिराळे बंद करावे लागत. विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ पासून तो संपूर्णपणे काढून टाकता येऊ लागला.

ऑक्टोबर २०१७ मधील विंडोज सर्व्हरच्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत एसएमबी-१ आपोआप बसविला जात नाही. सांबा या मुक्त प्रणालीनेही सप्टेंबर २०१९ मध्ये तो मूळ मांडणीत बंद केला. पूर्वीपासून चालू असलेल्या सर्व्हरांवर मात्र ही जबाबदारी व्यवस्थापकांवरच राहिली.